ट्रंकेतल्या बिननावाच्या तीन तबकड्या

खानापूरच्या एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. त्यांच्या वाड्याच्या मागच्या खोलीत गोव्याचे एक वादक बरीच वर्षं भाड्यानं राहायचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत बँडमध्ये ट्रंपेट वाजवलेला माणूस. ते वारल्यावर त्यांची ट्रंक तिथेच राहिली. आता वाडा पाडायला काढलाय आणि ट्रंक उघडली तर आत शंभर-सव्वाशे ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, लाखेच्या) रेकॉर्ड निघाल्या, बहुतेक इंग्रजी नाचाच्या आणि जॅझच्या. त्यात तीन तबकड्या छापील लेबल नसलेल्या, पत्र्यासारख्या पातळ. शिवाय टेपचं एक स्पूल. एका व्यापाऱ्यानं सगळ्याचे मिळून अठरा हजार सांगितलेत. द्यावं का? आणि त्या तीन तबकड्यांवर कधीच बाजारात न आलेलं काही असेल तर ते कळायचं कसं?

सगळ्यात आधी एक सांगतो: त्या तीन तबकड्या आणि ते स्पूल कशावरही वाजवून बघू नका. घरात चावीचा फोनो असेल तर त्यावर तर मुळीच नको. कारण पुढं सांगतो.

मी बेळगावात राहतो आणि तीसेक वर्षं रेकॉर्डी गोळा करतोय. सुरुवात नाट्यसंगीत आणि ख्यालापासून झाली, आपल्याकडं बहुतेकांची होते तशी. जॅझ आलं ते कॅम्पातल्या एका घरातून, जुन्या सामानाबरोबर. तेव्हापासून या दोन्ही वाटांवर चालतोय, आणि अशा ट्रंका चार-पाच तरी उघडून पाहिल्या आहेत. त्यामुळं तुमचा प्रश्न मला वेगळाच दिसतो. तुम्ही किंमत विचारताय. पण वस्तू काय आहे हेच अजून ठरलेलं नाही, तर किंमत कोण कशी सांगणार? व्यापाऱ्यानं सांगितलेला आकडा हा ओळख न पटलेल्या मालाचा आकडा आहे. आणि ती ओळख पटवणाऱ्या खुणा तबकडीवर थोड्या असतात. जास्त असतात त्या ट्रंकेत, पाकिटांवर, वह्यांत आणि त्या माणसाला ओळखणाऱ्यांच्या आठवणीत. ट्रंक फुटली की ओळख गेली.

अठरा हजार हा भाव खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो बरोबरही असेल. हे पुष्कळसं त्या शंभर-सव्वाशे रेकॉर्डी कोणत्या आणि कशा अवस्थेत आहेत यावर अवलंबून आहे. विलायती डान्स बँडच्या रेकॉर्डी तेव्हा कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात ढिगानं निघायच्या आणि देशभर जायच्या. त्यांना आजही फारसा भाव नाही. लोकांना वाटतं, लेबलवर ड्यूक एलिंग्टन किंवा लुई आर्मस्ट्राँगचं नाव दिसलं की लॉटरी लागली. उलटं आहे. त्या मोठ्या नावांच्या रेकॉर्डी जगभर लाखांनी खपल्या, म्हणून त्या सापडतात. दुर्मीळ असतं ते इथंच, मुंबई-कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेलं आणि इथंच थोडंफार विकलं गेलेलं.

याला थोडा इतिहास आहे. १९३५ साली लिऑन अॅबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड. १९३६मध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडनं मुंबईत काही बाजू ध्वनिमुद्रित केल्या, त्या 'रेक्स' लेबलवर निघाल्या. वेदरफर्ड पुढं कलकत्त्याला गेला, युद्धाच्या काळात तिथं त्याच्या रेकॉर्डी झाल्या आणि १९४५ साली तिथंच पटकीनं वारला. या लोकांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून आपले गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत स्वरलेखन वाचायला शिकलेली पोरं, त्यामुळं समोर कागद ठेवला की वाजवायला लागायची. चिक चॉकलेट हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. हाच माणूस पुढं सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होता, म्हणजे आपण सगळ्यांनी त्याचा ट्रंपेट नाव माहीत नसताना ऐकलेला आहे. तेव्हा लेबलं वाचताना परदेशी बड्या नावांवर थांबू नका. एखाद्या हॉटेलचं नाव, गोव्याकडची आडनावं, 'रेकॉर्डेड इन इंडिया' अशी अक्षरं दिसली, तर ती रेकॉर्ड बाजूला काढा.

'व्ही-डिस्क' असं लेबल असलेली बारा इंची रेकॉर्ड दिसली तर तीही बाजूला ठेवा. १९४२च्या ऑगस्टात अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बंदी घातली आणि मोठ्या कंपन्यांपुरती ती १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. त्या बंदीच्या काळात फक्त सैनिकांसाठी, विक्री करायची नाही या अटीवर, काढायला सुरुवात झालेल्या या रेकॉर्डी. १९४९ला त्या थांबल्या आणि उरलेल्या बऱ्याचशा नष्ट केल्या गेल्या.

हे सगळं आपल्या भागात कसं सापडतं, याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. बेळगावचा कॅम्प हा लष्कराचा, क्लबांचा. हुबळी आणि लोंढा रेल्वेचे, तिथल्या क्वार्टर्समध्ये अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची कुटुंबं. नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये नाच व्हायचा, त्याला बँड लागायचा. आणि मुंबईची हॉटेलं म्हातारपणी परवडेनाशी झालेली माणसं गोव्याला जाता जाता इथं, हवा चांगली म्हणून, राहिली. तुमचे भाडेकरू त्यातलेच असणार.

अवस्था बघायची म्हणजे रेकॉर्ड खिडकीपाशी न्यायची आणि तिरक्या उजेडात धरायची. लाखेची चांगली रेकॉर्ड काळीभोर चमकते. पोलादी पिनेनं शेकडो वेळा वाजवलेली असेल तर खाचांवर करडी झाक येते आणि ती झाक काही केल्या जात नाही. धूळ जाते, झीज जात नाही. कडेपासून आत गेलेली चीर आहे का, हे नखानं हळूच बघा. पुसायला डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ सुती कापड, लेबल कोरडं ठेवायचं. स्पिरिट चुकूनही लावू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, सुताराला विचारा, तो पॉलिश त्यातच करतो.

आता त्या तीन तबकड्या.

तुमच्या वर्णनावरून त्या लॅकर डिस्क असाव्यात. मधल्या भोकाच्या काठाशी नीट बघा, चंदेरी धातू दिसेल. त्या भोकाच्या बाजूला आणखी एखादं लहान भोक असेल, ध्वनिमुद्रण करताना तबकडी घसरू नये म्हणून त्यात खुंटी बसायची. लेबल असलंच तर हातानं लिहिलेलं. या तबकड्या कारखान्यात छापलेल्या नसतात. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा पातळ थर द्यायचा आणि गाणं चालू असताना खाच थेट त्यात कोरायची. म्हणजे प्रत्येक तबकडी एकुलती एक. युद्धात अॅल्युमिनियम मिळेना तेव्हा काचेवरही करायचे, म्हणून उचलताना दोन्ही हात लावा. आतला पाया काच निघाला तर सरळ दोन तुकडे होतात.

हा थर मऊ असतो. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसवलेली डबी, शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकतो, पोलादी पिन त्यातून नांगर चालवल्यासारखी जाते. एकदा वाजवलं की निम्मा आवाज गेला. दुसरा धोका आपल्या पावसाचा. लॅकरमध्ये मऊपणासाठी एरंडेल घातलेलं असतं. वर्षं गेली की ते बाहेर येऊन पांढरी साय धरते, बुरशीसारखी दिसते. मग थर आकसतो, अॅल्युमिनियम आकसत नाही, आणि वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा पडून पापुद्रे सुटतात. खानापूरचा पाऊस काय असतो हे मी तुम्हाला काय सांगू. पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका, पण पुसायलाही जाऊ नका. ते काम आणि वाजवणं एकाच बैठकीत, जाणकारानंच करायचं, कारण काही वेळा एकदाच वाजवायची संधी मिळते.

स्पूलचं तसंच. टेपची गुंडाळी उजेडासमोर धरली आणि आरपार लालसर उजेड दिसला, तर ती जुन्या अॅसिटेटची टेप. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिला क्षय लागलाय, लवकर हालचाल करायला हवी. तोवर उन्हात नको, लाउडस्पीकरशेजारी नको.

'अप्रकाशित' हा शब्द लोक फार सैल वापरतात. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, कंपनीत जाऊन केलेलं पण बाजारात न काढलेलं. स्टुडिओत एकाच गाण्याचे दोन-तीन टेक व्हायचे, एक निवडायचा, बाकीचे राहायचे. अशा टेकची तपासणीसाठी काढलेली कोऱ्या लेबलची प्रत, टेस्ट प्रेसिंग, वादकाच्या घरी असू शकते. ही लाखेचीच असते. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाला कंपनीनं दिलेला क्रमांक, बघायचा. बहुतेक वेळा नंबरानंतर डॅश देऊन १, २ किंवा ३ असतं, तो टेक. बाजारात २ आला आणि तुमच्या हातात १ असेल, तर तुमच्या हातात वेगळं वादन आहे, गाणं तेच असलं तरी. जॅझमध्ये याला फार महत्त्व, कारण सोलो, म्हणजे एकट्या वादकानं आयत्या वेळी सुचेल तसा वाजवलेला भाग, प्रत्येक वेळी नवा असतो. आपल्या ख्यालातल्या तानांसारखं समजा. नंबर ताडून बघायला ब्रायन रस्टची १९४२पर्यंतच्या जॅझची सूची आहे आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकन ध्वनिमुद्रणांची मोठी सूची इंटरनेटवर फुकट बघता येते. भारतातल्या नोंदींसाठी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या अंकांतून पुष्कळ मिळतं.

दुसरी गोष्ट, रेडिओवर वाजलेलं आणि कुणीतरी टिपून ठेवलेलं. तिसरी, घरात, क्लबात, तालमीत स्वतःसाठी केलेलं. तुमच्या तीन तबकड्या मला या शेवटच्या दोनांतल्या वाटतात आणि इथं कुठलीच छापील सूची कामाला येत नाही.

मग काय कामाला येतं? कागद. १९५७ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन हे जॅझमधले दोन दिग्गज एकत्र वाजले. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओनं ते टेप केलं होतं आणि त्या टेपा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होत्या. २००५मध्ये त्या सापडल्या त्या एका खोक्याच्या मागं हातानं 'टी. मंक' एवढं लिहिलेलं होतं म्हणून. ते खोकं कुणी 'जुनं झालं' म्हणून बदललं असतं तर? कोलट्रेनचंच १९६३मधलं स्टुडिओतलं एक अख्खं सत्र कंपनीकडून गहाळ झालं, आणि २०१८ला बाहेर आलं ते त्यानं घरी नेलेल्या प्रतीवरून, जी पहिल्या बायकोच्या कुटुंबाकडं राहिली होती. डीन बेनेडेट्टी हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा माणूस १९४७-४८मध्ये थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या मागं यंत्र घेऊन फिरला, क्लबात बसून त्याचे सोलो तेवढे कोरून घेतले. ते बेनेडेट्टीच्या भावाकडं राहिलं आणि लोकांपुढं यायला १९९० उजाडलं. तिन्ही ठिकाणी वस्तू जगली ती कुणीतरी खोकं, नाव आणि घर यांची साखळी तुटू दिली नाही म्हणून.

माझ्या हातून ती साखळी एकदा तुटली आहे. बावीसेक वर्षांपूर्वी लोंढ्याच्या एका रेल्वे क्वार्टरमधून मला रेकॉर्डी मिळाल्या. पाकिटं कसर लागलेली, फाटकी, म्हणून मी ती तिथंच टाकली. एक शाळकरी वही होती, पहिल्या पानावर धोब्याचा हिशेब, म्हणून तीही. घरी येऊन बघतो तर एक लॅकर डिस्क. पुढं पुण्यात नीट उतरवून घेतली. तीन मिनिटं, सहा-सात जणांचा बँड, आणि मध्ये क्लॅरिनेटचा असा एक सोलो की अंगावर काटा येतो. कोण वाजवतंय? कुठं? माहीत नाही. मी परत लोंढ्याला गेलो तोवर दोन महिने झाले होते, खोली रिकामी, सगळं भंगारात गेलेलं. त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्या वहीत मागं सगळ्यांची नावं होती की." तो सोलो मी आजही ऐकतो आणि त्याला नाव देऊ शकत नाही. कुणाच्या तरी वडिलांचा, आजोबांचा असणार तो.

म्हणून तुम्हाला सांगतो, ट्रंकेत जे आहे ते जसं आहे तसं आधी मोबाइलवर टिपा. वरून एक फोटो, मग एकेक थर काढताना. कुठल्या पाकिटात कुठली रेकॉर्ड होती ते बदलू नका, पाकीट चुकीचं वाटलं तरी. हॉटेलचं बिल, युनियनची पावती, हातानं लिहिलेले स्वरलेखनाचे कागद, औषधाची चिठ्ठीसुद्धा ठेवा. स्वरलेखनाच्या कागदाच्या कोपऱ्यात 'सेकंड ट्रंपेट' असं पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं तर तो कागद रेकॉर्डीएवढाच मोलाचा.

आवाज उतरवून झाल्यावर ओळख पटवायचं काम आपल्याला नवीन नाही. धारवाड-बेळगावकडच्या घरांत ख्यालाच्या मैफलींची स्पूलं किती निघतात. धारवाड आकाशवाणी १९५०ला सुरू झाली, त्यानंतर तर रेडिओवरून टिपलेलंही पुष्कळ. तिथं आपण काय करतो? तबलजी कोण, पेटीची संगत कुणाची, मध्येच कुणी "वा बुवा" म्हणालं तो आवाज कुणाचा, घड्याळाचे टोले किती. जॅझला तेच. निवेदकाचे दोन शब्द, टाळ्या किती माणसांच्या, मागं ग्लास वाजतात की नाही, गाणं कुठल्या सालच्या आधी असूच शकत नाही.

यात एक बारीक गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली आहे. घरगुती तबकड्यांची गती नेमकी ७८ नसते, यंत्रावर अवलंबून पुढं-मागं होते. गती सहा टक्के वाढली की सूर अर्ध्यानं चढतो. आता ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोन यांचा घरचा सूर काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. त्यामुळं असे बँड बहुतेक काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चारमध्ये वाजवायचे, बोटांना तेच सोयीचं. उतरवलेलं पेटीवर लावून बघा. ते पांढरी सातमध्ये लागलं, तर बँड हौसेनं तिथं गेला नाही, तबकडी पळतेय. गती कमी करून काळी पाचवर आणली की ड्रमचा ठोका जागेवर बसतो, ट्रंपेटचा आवाज माणसाचा वाटायला लागतो, आणि मग जुने वादक ऐकून सांगतात, "हा अमका." चुकीच्या गतीवर तेच लोक मान हलवून नाही म्हणतात. हे माझ्या डोळ्यांदेखत दोनदा झालंय.

मालकीचं बोलायलाच हवं. ट्रंक तुमच्या खोलीत राहिली, पण ती त्यांच्या वारसांची आहे. गोव्यात कुणी मुलगी, पुतण्या असेल तर विकण्याआधी त्यांना विचारा. हे कायद्यासाठी सांगत नाही तेवढं कामासाठी सांगतोय, फोटोतला चेहरा ओळखणारं माणूस तेच असतं. आणि तबकडी हातात असणं म्हणजे ती छापायचा हक्क असणं नव्हे. आपल्याकडं प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो, वादकांचे आणि संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे. ऐकायला, अभ्यासाला प्रत करून ठेवा. बाजारात आणायचं मनात आलं तर वकिलाला विचारल्याशिवाय नको.

विकायचंच असेल तर माझा हिशेब असा. छापील रेकॉर्डींपैकी ज्या सर्रास मिळतात त्या खुशाल द्या, यादी आणि फोटो झाल्यावर. भारतात झालेल्या रेकॉर्डी एकगठ्ठा ठेवा. त्या पैशात देण्यापेक्षा संग्राहकांत अदलाबदल केलेली बरी, कारण अदलाबदलीत रेकॉर्ड कुणाकडं गेली हे कळत राहतं. लॅकर डिस्क, स्पूल आणि कागद हे एक कुटुंब समजा, ते फोडून कुणालाच देऊ नका, लाख रुपये दाखवले तरी. व्यापारी भला असेल तर या अटीवरही बाकीचा माल घेईल, त्याचा भाव मात्र खाली येईल, ते मान्य करा.

न्यायच्या वेळी रेकॉर्डी आडव्या रचू नका, खालच्या फुटतात. मजबूत खोक्यात उभ्या, घट्ट पण दाबून नव्हे, दहा इंची वेगळ्या, बारा इंची वेगळ्या. त्या तीन तबकड्यांना प्लास्टिकची पिशवी नको, साधा स्वच्छ कागद आणि दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा. खानापूरहून बेळगावला आणणार असाल तर गाडीच्या डिकीत टाकू नका, कुणाच्या तरी मांडीवर असू द्या. आणि पाऊस लागायच्या आत या.